कपाटात दिवा लागला, पण...

मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटवर मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलीचा बाप कपाटात होता.

तो बाप मी. (निवृत्त विज्ञान शिक्षक. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगायला जीभ वळणार नाही.)

आमचं लाकडी कपाट चांगलं प्रशस्त आहे, पण पॅसेजच्या काळोख्या कोपऱ्यात. एका बारशाला माझी बायको सुलभा निळ्या साडीवर काळा ब्लाउज घालून गेली आणि तेव्हापासून 'कपाटात दिवा हवा' हा घोषा सुरू झाला. त्या रविवारी पाहुणे अकराला यायचे होते. मी साडेनऊला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

"आज?" सुलभा किंचाळली.

"पंधरा मिनिटांचं काम गं!"

फ्रिजसारखं साधं गणित. दार उघडलं की दिवा लागणार, बंद केलं की विझणार. सेलवर चालणारी दिव्याची पट्टी आत चिकटवली. दाराच्या चौकटीत जुन्या डोअरबेलचं बटण बसवलं. तासाभराने ऐटीत दार उघडलं.

अंधार!

"बाबा," आमची मृणाल म्हणाली, "बेलचं बटण दाबलं की लागतं. म्हणजे दार बंद झालं, बटण दाबलं गेलं की दिवा लागणार. उलटं झालंय."

"तू कॉमर्सची. सेल ढिले असतील." (नव्हते.)

सासूबाई या कार्यक्रमासाठी खास अर्नाळ्याहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, दार लावल्यावर आत उजेड हाय का नाय, ते कोन बघनार?"

"मी बघणार!"

साड्या बाजूला सारून मी आत शिरलो. सुलभाने दार लोटलं. खटका बसला. आणि दिवा लागला. लख्ख!

"अंधार आहे ना?" बाहेरून सुलभा.

"काळाकुट्ट!" मी ठणकावलं.

"मग फटीतून उजेड कसा येतोय, बाबा?"

"...बरं, उघडा."

बाहेर ओढाओढ झाली. मग नुसताच 'टक्' असा आवाज.

"अहो, मूठ माझ्या हातात आली!"

"घाबरू नकोस. स्क्रू ड्रायव्हरने खटका मागे सार."

"कुठाय स्क्रू ड्रायव्हर?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. (इतक्या उजेडात तो फारच स्पष्ट दिसत होता.)

तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे वेळेआधीच हजर! "एक शब्द बोलाल तर खबरदार," असं कपाटाच्या फटीतून बजावून सुलभा हसतमुखाने दार उघडायला गेली.

"मुलीचे वडील दिसत नाहीत?" मुलाच्या आईचा आवाज.

"आत हायेत," सासूबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत.

"पूजेला बसलेत का?"

पोरीचं लग्न मोडायला नको म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. पण नाकापुढे डांबराच्या गोळ्या होत्या. पहिली शिंक गिळली. दुसरीही गिळली. तिसरीने कपाट हादरलं!

मुलाचे वडील उठून पॅसेजमध्ये आले. गोखिवऱ्याला त्यांचा फर्निचरचा कारखाना होता, त्यामुळे कपाट बघताच त्यांना सगळा प्रकार कळला.

"काही हत्यार आहे का, वहिनी?"

सुलभाने पोह्यांचं उलथनं दिलं. त्यांनी ते फटीत घालून खटका सरकवला. दार उघडलं, त्याबरोबर दिवा विझला आणि साड्यांच्या अंधारातून हात जोडत मी म्हणालो,

"नमस्कार! बसा ना, उभे का?"

मग मृणालला हसू फुटलं. तिच्यामागे मुलगाही हसत सुटला. दोघं एकमेकांकडे बघून डोळे पुसत हसत होती. माझ्या डोक्याला पदर अडकला होता, तरी मला एवढं कळलं, की हे जमणार.

आठवड्याने होकार आला. मानपान काही नको म्हणाले. अट एकच : मांडवातल्या दिव्यांना मुलीच्या बाबांनी हात लावायचा नाही!