धूर न्हाई म्हणून

त्या दुपारी कोडोलीच्या घरात मी, माझी सासू, बाळंतपणाला आलेली माझी लेक आणि तिची बारा दिवसांची पोरगी, एवढ्याच हुतो.

कोळशाची शेगडी नवीच आलती. चुलीपुढं फुकून फुकून डोळं जायचं, ते थांबलं. शेगडी उचलून कुठंबी न्यायला येती, म्हणून बाळंतिणीच्या बाजंखाली शेकाला ठेवली. भाईर झड लागलेली.

सासू म्हणाली, "दार लाव गं, वारं लागंल पोरीला."

"आत्याबाई, खोली कोंडंल की."

"धूर कुठं हाय त्यात? चुलीसंगं तुझी अक्कलबी इझली व्हय?"

मी दार लावलं, खिडकीत पोतं कोंबलं आणि घरामागं परड्यात धुणं पिळायला गेलो. परत आलो तर सासू भिंतीला टेकून गप. लेकीला हाक मारली, ती डोळंच उघडंना. बाळ हलंना. बाळाला उचलून तशीच पावसात पळालो. थेंब तोंडावर पडलं तवा ते रडलं. मग त्या दोघींना वढत भाईरच्या सोप्यात आणलं. लई येळानं शुद्धीवर आल्या.

अजून निखारा बघितला की आधी दार उघडतो. बायांनो, शेगडी आत घेतलीसा तर दार उघडं ठेवा.