आईच्या क्लबची मॅच कुठे लागते

आईच्या टीव्हीवर गोल माझ्याआधी व्हायचा. ती विक्रोळीला केबलवर मॅच बघायची आणि मी बोरिवलीला मोबाइलवर. मोबाइलवरची मॅच जवळजवळ अर्धा मिनिट मागे चालायची. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही फोन स्पीकरवर टाकून बसायचो. माझ्याकडे बॉल अजून मधल्या रेषेपाशी घोळत असायचा आणि तिकडून आई ओरडायची, "गेला रे, गेला!" मग काय होणार हे माहीत असूनही मी स्क्रीनला डोळे लावून बसायचो.

"आई, आधी सांगू नकोस ना," असं मी शंभरदा म्हणालो असेन.

"मी कुठे सांगते? मी ओरडते."

खरं सांगायचं तर मला फुटबॉल आवडायचा नाही. आमच्या चाळीत सगळे क्रिकेटवाले, मीही त्यातलाच. आईलाही खेळाचं वेड असं नव्हतंच. ती महापालिकेच्या इस्पितळात परिचारिका होती आणि नोकरीची बहुतेक वर्षं तिने हाडांच्या वॉर्डात काढली. वडील गेले, ती रिटायर झाली, आणि ज्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने कितीतरी पेशंटना हाताला धरून चालवलं होतं, तेच ऑपरेशन तिच्या नशिबी आलं. पाय उशीवर ठेवून ती पडल्यापडल्या रिमोट दाबत होती, तेव्हा कुठल्याशा चॅनेलवर इंग्लंडमधली मॅच लागली. एक खेळाडू बदली म्हणून मैदानात उतरत होता. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं होऊन तो परत येतोय, असं समालोचक सांगत होता. आई उठून बसली. मी ओट्यापाशी तिच्यासाठी भात लावत होतो. तिने हाक मारली, "इकडे ये. हा बघ, कसा पळतोय. डाव्या पायावर अजून विश्वास नाहीये त्याचा."

त्याचा क्लब तो आईचा क्लब झाला. मरून रंगाच्या जर्सीचा, फारसं कोणाला ठाऊक नसलेला, दरवर्षी गुणतक्त्यात मधेच कुठेतरी लटकलेला. तो खेळाडू पुढे खेळायचा थांबला, पण आईने क्लब सोडला नाही. आणि मी तिच्यामुळे चिकटलो. वडील गेल्यानंतर आमचा फोन तीन वाक्यांत संपायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. फुटबॉलमुळे आम्हाला एकदम पूर्ण दीड तास मिळाला, बोलायला आणि न बोलायलाही.

मग एका मोसमाच्या सुरुवातीला आईचा फोन आला. "माझ्या टीव्हीवर नुसतं निळं दिसतंय रे. मॅच कुठे गेली?"

मी स्कूटर काढली आणि लिंक रोडने पवईचा ट्रॅफिक तुडवत विक्रोळीला पोचलो. केबलवाल्याला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "काकू, बॉक्सला काही झालेलं नाही. चॅनेलच गेलं. राइट्स दुसऱ्याने घेतले. आता सगळं अ‍ॅपवर."

"राइट्स म्हणजे?"

"मॅच दाखवायचा हक्क. त्याची बोली लागते. दर वेळी रक्कम वाढते, मग घेणारा ती आपल्याकडून काढतो. भरायचं आणि बघायचं, दुसरं काय!"

आईचा टीव्ही जुना होता. त्याला मागून लावायची एक कांडी आणली, वायफाय घेतलं, अ‍ॅप घातलं. आईने नवीन रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले. लाल ठिपका म्हणजे मॅच, गुलाबी म्हणजे मागे. शनिवार पुन्हा सुरू झाले. आता गोल कधी माझ्याकडे आधी व्हायचा, कधी तिच्याकडे, आणि मी आधी ओरडलो की ती रुसायची.

वर्षभरातच अ‍ॅपचा निरोप आला. एक खातं एकाच घरात चालेल. म्हणजे बोरिवलीसाठी वेगळं आणि विक्रोळीसाठी वेगळं. शिवाय वरच्या चार-पाच मोठ्या क्लबच्या मॅच साध्या प्लॅनमध्ये, आणि आईच्या क्लबसारख्यांच्या मॅच फक्त महागड्या प्लॅनमध्ये. ज्यांना फार कोणी बघत नाही तेच बघायला जास्त महाग, हे गणित मला आजही कळलेलं नाही. मी दोन्ही घरचं भरलं आणि आईला काही बोललो नाही.

बायकोला मात्र कळलं. ती म्हणाली, "तू नक्की फुटबॉल बघतोस की आईशी बोलतोस?"

"दोन्ही."

"बोलणं फुकट आहे रे."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण नुसता फोन लावला असता तर पुन्हा त्या तीन वाक्यांवर आलो असतो, हे तिला कसं समजावणार?

आईला त्या प्लॅनचा आकडा कळला तो शेजाऱ्यांकडून. त्याच दिवशी तिचा फोन आला. "ते बंद कर."

"का?"

"कंटाळा आला मला. रोज तेच. हे पडतात, ते उठतात."

"आई, खोटं बोलू नकोस."

"मी सांगते ना, बंद कर. माझ्या नावाने कोणाला इतके पैसे द्यायचे नाहीत."

तिचा वॉर्डातला आवाज लागला की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. मी बंद केलं. तिचंही, माझंही.

त्यानंतरचे शनिवार मला सहन होईनात. संध्याकाळ झाली की मी घरात फेऱ्या मारायचो. पंखे पुसायचो, कपाट आवरायचो, भाजी आणायला म्हणून निघायचो आणि रिकाम्या पिशवीनिशी सोसायटीला दोन चकरा मारून परत यायचो. मोबाइलवर स्कोअर दिसायचा. दोन-एक, शून्य-शून्य. नुसत्या आकड्यांनी पोट भरत नव्हतं. तो गोल कसा झाला, कोण धडपडला, आई काय म्हणाली असती, यातलं काहीच त्यात नसायचं. सवयीने मी मध्यंतराच्या सुमाराला आईला फोन लावायचो. आधी ती उचलायची आणि म्हणायची, बरी आहे. मग उचलेनाशी झाली. उशिरा तिचाच फोन यायचा, "अरे, बाथरूममध्ये होते." पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही शनिवारी बाथरूम म्हटल्यावर मला राहवेना.

त्यानंतरच्या शनिवारी मी न सांगता विक्रोळीला गेलो. दाराला कुलूप. गुडघ्याची पेशंट, हातात काठी, संध्याकाळच्या वेळी जाईल कुठे? समोरच्या काकांनी दार उघडलं. "जय भीम. आईला शोधतोयस? ती शनिवारी नसते. विहारापाशी जाते."

बुद्धवंदना तर रविवारी सकाळी असते. मी तसाच भराभरा गेलो. विहाराला लागून समाजाचा हॉल आहे, लग्न, साखरपुडे आणि जयंतीच्या बैठका होतात तो. लांबूनच आतला गलका ऐकू आला. दारात चपलांचा ढीग होता. आत भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर हिरवं मैदान, आणि सगळ्यांत पुढे आई. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती, दुसरीवर तिचा पाय.

तिने मला पाहिलं आणि जराही दचकली नाही. "आलास? बस. एकने मागे आहोत."

ही सगळी व्यवस्था वस्तीतल्या एका मुलीने केली होती. ती अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती. सगळ्यांकडून वर्गणी काढून तिने एक खातं घेतलं होतं आणि प्रोजेक्टर कोणाकडून तरी उसना आणला होता. कोणाचा क्लब कुठला, यावरून दर शनिवारी भांडणं. आईच्या शेजारी आकाशी जर्सीतला एक रिक्षावाला बसला होता. त्याचा क्लब श्रीमंत आणि जवळजवळ दरवर्षी जिंकणारा. तो आईला सिस्टर म्हणायचा आणि सतत चिडवायचा, "सिस्टर, तुमच्या टीमला सलाइन लावा हो."

"तुझ्या टीमला औषध नाही, नुसता पैसा चढवलाय," आई त्याला म्हणाली आणि हॉल हसला.

मध्यंतरात मी तिला बाजूला घेतलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू धावत जाऊन परत भरलं असतंस."

"फोन तरी उचलायचास. मी घाबरलो ना."

"इथे ऐकू येतं का काही? तूच बघ." मग म्हणाली, "घरी एकटी बघायचे तेव्हा ओरडायला तू होतास. आता हे आहेत."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आईची संध्याकाळ भरली होती. माझी मात्र रिकामी राहिली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर मीही दर शनिवारी जायला लागलो, मागच्या रांगेत.

असं बरेच शनिवार चाललं. मग एकदा मॅच सुरू व्हायच्या आधी मॅच दाखवणाऱ्या कंपनीचा एक माणूस हॉलच्या दारात आला. खांद्याला बॅग, घामाघूम. तो शांतपणे म्हणाला, "इथे घरगुती खात्यावर मॅच दाखवता अशी तक्रार आहे. हॉल, हॉटेल, सगळ्यांना वेगळं लायसन लागतं."

मुलीने विचारलं, "किती?"

त्याने आकडा सांगितला. मागून कोणीतरी हसलं, ऐकण्यात चूक झाल्यासारखं. ती मुलगी वाद घालायला लागली. आम्ही कोणाकडून तिकीट घेत नाही, चहासुद्धा ज्याचा तो आणतो. माणूस मान हलवत राहिला. शेवटी हॉलच्या कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. "नको बाबांनो. विहाराच्या पत्त्यावर नोटीस नको." त्यांच्यावर कोणी चिडलं नाही. प्रोजेक्टर बंद झाला आणि चादर नुसती चादर उरली.

आई काठी टेकत त्या माणसापाशी गेली आणि त्याला पाण्याची बाटली दिली. "शनिवारीही ड्यूटी?"

"मॅच शनिवारीच असतात ना, मावशी."

"तुम्ही बघता का?"

तो बाटलीचं झाकण फिरवत म्हणाला, "आधी बघायचो. आता नुसता स्कोअर."

आईने विचारलं, "माझ्या घरी पाहुणे आले तर चालतं का?"

"घरात कोण बसलंय ते मला कशाला विचारता?" असं म्हणून तो हॉलच्या पायऱ्या उतरला.

पुढच्या शनिवारपासून वर्गणीच्या त्याच खात्यावर मॅच आईच्या खोलीत लागली. पण खोली ती केवढी! पलंगावर चौघे, जमिनीवर काही, दोघे ओट्याला टेकून. बाकीचे कुठे मावणार? मुलीने आळीपाळीने यायचं ठरवून पाहिलं, पण आज आपला क्लब खेळतोय आणि नंबर मात्र दुसऱ्याचा, असं व्हायला लागल्यावर लोक गळाले. कोणी मुलुंडच्या एका बारमध्ये एकदा गेले आणि खाण्यापिण्याचं बिल बघून परत फिरकले नाहीत. कोणी चोरून दाखवणाऱ्या साइटवर गेले. तिथे मॅचपेक्षा जुगाराच्या जाहिराती जास्त आणि ऐन पेनल्टीला चित्र अडकायचं. बऱ्याच जणांनी बघणंच सोडलं.

आई आता धड एका जागी बसून मॅच बघत नाही. कॉर्नर असो की फ्री किक, तिचं अर्धं लक्ष दाराकडे. "ते दोघे भाऊ का नाही आले? आकाशीवाला कुठे आहे?" रिक्षावाला एकदाच आला होता. दाटीत गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि मध्यंतरातच गेला.

परवा कुरिअरवाल्या मुलीने बातमी आणली. पुढच्या मोसमात राइट्स परत बदलणार म्हणे. कोण घेणार, किती लावणार, काही ठाऊक नाही. कदाचित कोणीच घेणार नाही, इतकी किंमत सांगताहेत. आईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "चल, मला रिक्षा स्टँडवर ने."

हायवेच्या पुलाखाली तो भेटला. मीटर पुसत होता. आईला बघून पटकन उतरला. "सिस्टर, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना."

"शनिवारी ये. तुला पलंगावर जागा देते. तुझी टीम आहे, मोठी मॅच आहे."

तो हसला, फडकं हातात पिळत राहिला. "खरं सांगू? सवय गेली आता. त्या वेळेला भाडी चांगली मिळतात."

"एवढ्यात गेली?"

"पहिले दोन-तीन शनिवार जड गेले. नंतर काही वाटेना." त्याने आम्हाला घरापर्यंत सोडलं आणि भाडं घेतलं नाही.

आई तो शनिवार दाराकडे बघत राहिली. तो आला नाही. आमच्या क्लबने शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली. खोलीतली पाच-सहा माणसं उड्या मारत होती, आणि आईने ओरडायच्या आधी मागे वळून पाहिलं. सगळे गेल्यावर मी चादरींच्या घड्या घालत होतो. ती पलंगावर पाय दाबत बसली होती.

"पुढच्या शनिवारी लवकर निघ," ती म्हणाली. "मॅचच्या आधी स्टँडवर जाऊ. त्या दोघा भावांचं घर पण माहीत आहे मला."

"आई, नाही आले तर?"

"मग त्याच्या पुढच्या शनिवारी."

मी हो म्हणालो आणि स्कूटरची चावी शोधू लागलो.