दक्षिणेच्या बाजूनं

अमेरिकेतलं यादवी युद्ध बारावीला शिकवायला मला दोन तास पुरतात. त्या वर्षी मी जास्त घेतले, आणि त्यातूनच सगळं झालं.

सडक अर्जुनीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी इतिहास शिकवते. मुलं कारणं पाठ करतात: दक्षिणेतला कापूस, तो वेचायला गुलाम, नव्या राज्यांत गुलामी असावी की नाही यावरून भांडण, मग दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि युद्ध पेटलं. पाठ करून डोक्यात काही राहत नाही, म्हणून मी वादविवाद ठेवला. अर्ध्या वर्गानं उत्तरेकडून बोलायचं, अर्ध्यानं दक्षिणेकडून. चिठ्ठ्या काढल्या. सगळ्यांत चांगलं बोलणाऱ्या मुलीला दक्षिण आली.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "मॅडम, मी कायले बोलू मालकायच्या बाजूनं?"

"मालक स्वतःची समजूत कशी घालत होते, ते कळायला पाहिजे ना."

"मंग आज्याले इचारतो. तो तुमच्याच घरी सालानं होता."

तिचं घर हायवेलगत. मूळ गाव केशोरीकडचं, म्हणजे माझ्या माहेरचं, एवढं मला ठाऊक होतं. कोणाची नात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

तिचा आजा आमचा सालगडी, वर्षाची उचल घेऊन बांधलेला. मला खांद्यावर बसवून बांधावरून शाळेत न्यायचा. मी सात वर्षांची असताना एका सकाळी तो गोठ्यात नव्हता. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पाठवलेली दोन माणसं त्याला सायकलवर बसवून घेऊन आली. कोणी हात उगारला नाही. तो अंगणात मान खाली घालून उभा राहिला. वडील चहा पीत होते. त्यांनी चहा संपवला. मग तो बैल सोडायला गेला.

पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी मालकाला परत द्यायचा, असा कायदा तिकडे होता. त्यावरून उत्तरेतली माणसं फार चिडली. हा परिच्छेद मी दरवर्षी भरभर वाचून पुढं जाते.

पुढचा आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. घसा बसल्याचं सांगून वादविवाद रद्द करावा, असंही मनात आलं. ती काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन, याची जुळवाजुळव करताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.

वादविवादाच्या दिवशी ती उभी राहिली, हात मागे बांधून. "आम्ही त्यांना दोन वेळ जेवू घालतो. आजारी पडले तर दवाखान्यात नेतो. पोळ्याला नवं धोतर देतो. ते आमच्या घरच्यासारखेच आहेत."

अमेरिकेत पोळा ऐकून वर्ग हसला. मला हसता आलं नाही. हे शब्द माझ्या वडिलांचे होते, जसेच्या तसे. ती टाळ्यांत खाली बसली.

नंतर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "आज्यानंच सांगितलं. मालक चांगला होता म्हणते. मी इचारलं, तू पळाला होता का? नाही म्हणते. आजी म्हणते पळाला होता, धरून आणला. तुमी होत्या ना तिथं? तुमीच सांगा."

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "आणलं होतं. मी पाहिलं."

मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी शिपाई सांगत आला, गेटवर एक म्हातारा आलाय. तिचे आजोबाच होते. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"बाई, पोरीले काऊन सांगितलं?"

"तिनं विचारलं. मला खोटं बोलवेना."

"तुह्या बापाचं सांगाचं होतं, तं तुह्या पोरायले सांगाचं. हे माह्यं होतं. इतके वर्स झाकून ठेवलं. आता पोरगी जेवताना माह्या तोंडाकडे पाहून राहते."

"माफ करा," मी म्हणाले.

"कायची माफी?"

तेव्हाची की कालची, मला सांगता येईना. ते वाट न पाहता हायवेकडे निघून गेले.

ती चार दिवस आली नाही. तिनं शिक्षण सोडलं तर, या विचारानं मी रोज हजेरी घेताना तिच्या नंबरशी अडखळायचे. पाचव्या दिवशी ती शेवटच्या बाकावर दिसली. मी युद्धाचा शेवट शिकवला: दक्षिण हरली, गुलामी कायद्यानं बंद झाली.

तिनं हात वर केला. "सुटलेले लोक कुठं गेले?"

"काही जण विकल्या गेलेल्या बायकापोरांना शोधत पायी निघाले. बरेचसे तिथंच राहिले, त्याच शेतांवर, वाट्यानं. जमीन त्यांना मिळाली नाही."

"अन् मालक?"

"मालक शेवटपर्यंत म्हणत राहिले, आम्ही चांगलेच होतो."

तिनं लिहून घेतलं आणि तास संपल्यावर माझ्याकडे न पाहता बाहेर गेली. परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. माझ्याशी मात्र ती पुन्हा कधी मोकळेपणानं बोलली नाही.

वडील आता मुर्री गावी माझ्या भावाकडे असतात. अंगणातल्या त्या दिवसाबद्दल त्यांना मी अजून विचारलेलं नाही. दर रविवारी बसमध्ये वाक्य जुळवत जाते. पायरीवर चप्पल काढेपर्यंत ते तोंडात असतं. वडील विचारतात, "जेवून आलीस का?" आणि मी म्हणते, "नाही."