इंद्रायणीचा चहा आणि नखांवरचे शिंतोडे

मढच्या आमच्या आळीत एक बातमी पक्की आहे: इंद्रायणी मशीनशी बोलते. मग काय भिंतीशी बोलेल? नवरा कधीचा गेला. लेक संस्कृतीनं नखं रंगवायचं दुकान टाकलं, आईला शिकवलं आणि लग्न होऊन नाशकाला गेली. मागं राहिला हवेचा कॉम्प्रेसर आणि रंग फवारायचं पेनाएवढं यंत्र.

इंद्रायणीचा हात बरा, पण खरी कला वेगळीच. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ती शेजारच्या शेगडीवर चहा ठेवायची, आणि तो उकळतच राहायचा. चहा घेतल्याशिवाय बाईमाणूस उठत नाही, हे तिनं हेरलेलं. कुणाची सासू, कुणाचं बाळंतपण, सगळं त्या आल्याच्या वाफेत शिजायचं.

त्या दिवशी धुक्यानं समोरचं दुकान गिळलं होतं. रुपाली आली, दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा. गुलाबी रंग छान बसला. इंद्रायणी वर पांढरी पाकळी मारायला गेली, तर यंत्र थुंकलं. नखभर पाण्याचे शिंतोडे.

"मावशे, नखांना गोवर आला का काय?"

"गप गं, बघते."

"उद्या सासू बोटं बघंल माजी. तुमचा चहा न्हाई!"

इंद्रायणीनं कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडली. सुस्स करून पाणी उडालं. सकाळीच तर काढलं होतं! नळीवरची पाणी अडवायची वाटीही भरलेली. तिनं मशीनकडं पाहिलं, मग शेजारच्या पातेल्याकडं. मशीन हवा ओढत होतं ते नेमकं त्या वाफेतूनच. बाहेरचं धुकं काय कमी होतं, म्हणून ही वरून त्याला चहा पाजत होती.

तिनं शेगडी उचलली, परत ठेवली. चहा मागच्या खोलीत गेला, तर माणसं कशाला थांबतील?

मग शेगडी उचलून मागं नेली. टाकी आणि वाटी रिकामी केली, मशीन गार होऊ दिलं, रुपालीची बोटं कोरडी पुसून रंग नव्यानं चढवला. आधी कागदावर फवारून बघितलं. थेंब नाही. फुलं अशी उमटली, की रुपाली दिव्याखाली बोटं फिरवत राहिली.

"लई भारी! येते मावशे."

"अगं, मागं चहा टाकते की..."

"नगं, गाडी उभी हाय."

आता रोज तिन्हीसांजेला तिच्या दुकानातून सुस्स ऐकू येतं. "झालं का तुजं?" ती मशीनला विचारते. मग मागं जाऊन सवयीनं दोन कप पाणी मापते, आणि एक ओतून देते.