क्लस्टरची खंडेनवमी

"खंडेनवमीला मशीन बंद पाहिजे," निकम सर म्हणाले. "पुसायचं, हार घालायचा, पूजा करायची. दसऱ्याला मुहूर्तावर चालू करायचं."

"सर, ती लेथ नाही," मी म्हणाले.

निकम सर आमच्या संस्थेचे नवे संचालक. शिक्षणात येण्याआधी त्यांनी उमेदीची वर्षं सातपूरच्या कारखान्यांत काढली. तिथे खंडेनवमीला प्रत्येक मशीन थांबतं, त्याला गंध-फूल लागतं, कामगारांना पेढे मिळतात. माझा या प्रथेवर काही राग नाही. माझ्या घरी मिक्सरलासुद्धा हळदकुंकू लागतं. पण मिक्सर बंद ठेवला तर एक दिवस चटणी होत नाही, एवढंच. माझं मशीन बंद करणं ही वेगळी भानगड होती.

माझं मशीन म्हणजे एचपीसी क्लस्टर. नाव भारदस्त आहे, वस्तू समजायला सोपी आहे. बरेच तगडे कॉम्प्युटर कपाटांत रचून एकमेकांना जोडलेले. त्यातल्या एकेकाला नोड म्हणायचं. घरच्या लॅपटॉपला जे गणित वर्षभर पुरेल, ते हे सगळे आपसांत वाटून घेतात आणि लवकर संपवतात. नाशिक आणि आसपासच्या कॉलेजांतले संशोधक आपापली गणितं आमच्याकडे पाठवतात. एक गणित म्हणजे एक जॉब. जॉब रांगेत लागतो, नंबर आला की त्याला नोड मिळतात. त्या नंबरावरून प्राध्यापक मंडळी जी भांडतात, तसं रेशनच्या दुकानातही कोणी भांडत नसेल. त्या दुकानाची मालकीण मी. पाटीवर सिस्टीम मॅनेजर असं लिहिलंय.

"सर, एक जॉब चालू आहे. तो मध्येच थांबवता येणार नाही."

"कोणाचा?"

"प्रतीक्षा दरेकरचा. कांद्याचा."

प्रतीक्षा विंचूरची. तिचा पीएचडीचा विषय कांदाचाळ. उन्हाळी कांदा शेतकरी चाळीत साठवतात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातला बराचसा सडतो. चाळीत वारा कुठून शिरतो, कुठे कोंडतो, फटी कुठे ठेवल्या तर कांदा टिकेल, हे ती गणिताने शोधत होती. गेल्या वर्षीच्या आख्ख्या हंगामाचं हवामान प्रोग्रामला द्यायचं आणि चाळीच्या प्रत्येक कोपऱ्यातली हवा कधी किती तापते ते त्याने मोजायचं. तिची मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. दिवाळीनंतर लगेच प्रबंध जमा झाला नाही, तर नोंदणी रद्द. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"चेकपॉइंट नाही का?" सरांनी विचारलं.

त्यांना हा शब्द माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. चेकपॉइंट म्हणजे चालू गणित अधूनमधून सेव्ह करून ठेवणं. लाईट गेली, मशीन बंद पडलं, तरी तिथून पुढे सुरू करता येतं. प्रतीक्षाने तो बंद ठेवला होता, कारण त्याने जॉब हळू चालतो असं तिला एका सीनियरने सांगितलं होतं. असे सल्ले देणारा एक सीनियर प्रत्येक डिपार्टमेंटला असतोच.

सरांनी थोडा विचार केला. "मग तिचे नोड चालू ठेवा. बाकी सगळं बंद. पण पूजा होणार."

एवढं पदरात पडलं, तेही भांडून. मी खुशीत खाली आले आणि सगळ्यांना मेल टाकली की नवमीच्या आधी आपापले जॉब आवरा. थोडी कुरकुर झाली, पण सुट्ट्या तोंडावर होत्या. लोक गावाला निघाले. एकेक जॉब संपत गेला आणि माझी रांग, जी मी एवढ्या नोकरीत कधी रिकामी पाहिली नव्हती, ती चक्क रिकामी झाली.

उरला प्रतीक्षाचा. तो कोणत्या नोडवर आहे आणि किती बाकी आहे, हे बघायला मी तिला शेजारी बसवून घेतलं.

"ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलंय मॅडम," ती म्हणाली. "मी रोज बघते."

टक्के खरंच छान वाढत होते. मी त्यांच्या शेजारचा रकाना पाहिला, तापमानाचा. तिथे आकड्यांच्या जागी एकच शब्द होता. नॅन, नॅन, नॅन. खालपर्यंत.

नॅन म्हणजे 'नॉट अ नंबर'. हा आकडाच नव्हे, असं मशीन सांगत असतं. गणितात कुठेतरी वेडंवाकडं काही शिरलं की एका जागी नॅन उमटतो, मग त्याच्या शेजारी, मग सगळीकडे. दुधात मिठाचा खडा पडावा तसं. आणि मशीन इतकं आज्ञाधारक, की ते थांबत नाही. नॅनमध्ये नॅन मिळवत राहतं आणि टक्के वाढवत राहतं.

"म्हणजे कालपासून बिघडलंय का?" तिने विचारलं.

मी वर सरकवत गेले. गणितातला सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. सगळे नॅन. मे महिन्यात एका दुपारी शेवटचा खरा आकडा सापडला. ज्या जॉबसाठी मी संचालकांशी वाद घातला होता, त्यात केव्हापासूनच काही उरलं नव्हतं. मला तिची दया आली आणि टक्क्यांच्या त्या आकड्याचा संताप आला.

त्या दुपारची हवामानाची फाईल उघडली. तापमान लिहिलं होतं उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

"विंचूरला थंडी बरीच पडलेली दिसते," मी म्हणाले. ती हसली नाही.

हवामान मोजणाऱ्या यंत्रांची ही पद्धत आहे. मोजमाप झालं नाही, तर रिकामी जागा सोडण्याऐवजी ती असा अशक्य आकडा लिहून ठेवतात. माणसाला ते कळतं. प्रोग्रामला कोणी सांगितलं नाही, तर तो खरं मानतो. त्याच्या मते भर मे महिन्यात चाळीतला कांदा जगात कुठेच नसेल इतका गार पडला होता.

यंत्र प्रतीक्षाच्याच घरच्या चाळीवर होतं. तिने वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नाना, गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या चाळीवरचं यंत्र बंद पडलं होतं का?"

"आगं, तवा डीपी जळाली व्हती ना! समद्या शिवारात लाईट नव्हती. म्या तुला म्हणलं बी, तर तू म्हणली, त्याला बॅटरी हाय."

"नाना, बॅटरी संपली असणार."

"मंग? लय दिवस लाईट नाय म्हणल्यावर बॅटरी तरी काय करंल?"

तिने फोन ठेवला आणि रडायला लागली. "आता परत पहिल्यापासून. रांगेत नंबर लागेपर्यंत दिवाळी जाईल. मी घरी काय सांगू, मॅडम?"

"कुठली रांग?" मी म्हणाले आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

रांगेत कोणी नव्हतं. तिचा जॉब आजवर मोजक्या नोडवर चालायचा, कारण तेवढेच तिच्या वाट्याला यायचे. आता सगळं क्लस्टर मोकळं होतं. तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. गाईडना फोन करून परवानगी घेतली, हरवलेले दिवस जवळच्या दुसऱ्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून भरले. तापमान अशक्य झालं तर प्रोग्रामने तिथेच थांबावं, अशी एक ओळ आम्ही घातली. चेकपॉइंट मी स्वतः चालू केला. जुना जॉब तिने तिच्या हाताने बंद केला, नवा दसऱ्याला सगळ्यात आधी लावायचं ठरलं.

मी वर जाऊन सरांना सांगितलं, "सर, आख्खं मशीन बंद करते."

"आणि कांदा?"

मी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी म्हणत होतो तेच बरोबर होतं."

"हो, सर." एवढे दोन शब्द बोलणं मला फार जड गेलं.

"चालू मशीनचा चिरलेला पट्टा दिसत नाही, मॅडम. थांबवलं की दिसतो. आमच्याकडे पूजेच्या आदल्या दिवशी निम्मे बिघाड सापडायचे."

नवमीला पूजा झाली. पंचवटीतले गुरुजी उदबत्तीचा पुडा घेऊनच आले होते. मी त्यांना दारातच अडवलं. आत धूर झाला तर भोंगा वाजतो आणि खोलीत आग विझवणारा गॅस सुटतो, मग आपल्यालाच बाहेर पळावं लागेल. गुरुजींनी पुडा मुकाट पिशवीत ठेवला आणि फुलांवर भागवलं. पंखे बंद असल्यामुळे त्या खोलीत पहिल्यांदाच माणसाचं बोलणं नीट ऐकू येत होतं. फिल्टरमधून इतकी धूळ निघाली की मलाच लाज वाटली.

दसऱ्याला सरांनी बटण दाबलं. पहिला जॉब प्रतीक्षाचा, सगळ्या नोडवर. आम्ही दोघींनी टक्क्यांकडे बघितलंच नाही, तापमानाचा रकाना बघत बसलो. मे महिन्याची ती दुपार आली आणि आकडा आला चांगला चाळिशीचा. त्या उन्हाने मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. तिने तर टेबलावर हात आपटला.

सुट्टीवरून परतलेल्या प्राध्यापकांनी गलका केला की सगळे नोड एकाच मुलीला कसे. मी सांगितलं, संचालकांच्या मुहूर्ताचा जॉब आहे, मध्ये तोडता येत नाही. कोणी वर विचारायला गेलं नाही. दिवाळीच्या बऱ्याच आधी जॉब संपला, मुदतीत प्रबंध जमा झाला, आणि ती आता डॉक्टर प्रतीक्षा दरेकर आहे. माझ्या स्वतःच्या प्रमोशनला मी इतकी खूश झाले नव्हते.

मशीन चालू आहे म्हणजे काम चालू आहे असं नाही, एवढं मी यातून शिकले. आता कोणी म्हणालं की माझा जॉब चालू आहे, की मी विचारते, शेवटचा आकडा काय आला? परवा एका ज्येष्ठ प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, चालू आहे ना, मग झालं. मी जाऊन बघितलं. वरपासून खालपर्यंत नॅन. मी जॉब बंद केला आणि तशी मेल पाठवली. त्यांनी ती अजून उघडलेली नाही. भेटले की सांगतात, जॉब अगदी व्यवस्थित चाललाय.