दोन टोल्यांना दिलेलं उत्तर

मास्तर गेल्याचं मला गोंदियात रेल्वेच्या फोनवर कळलं. अर्जुनी स्टेशनच्या बाबूने आधी गाडीची वेळ सांगितली आणि त्याच दमात म्हणाला, “मिस्त्री, वामनराव मास्तर गेले जी. बाई तुमाले बोलावून रायली. थो घंटीचा डब्बा घेऊन जा म्हणते.” फोन ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो मास्तरांचा नाही, त्या डब्याचा. महिना उलटला तरी याची मला लाज वाटते.

वामनराव छोट्या, अरुंद रुळांच्या लाइनीवर तीस वर्षं स्टेशन मास्तर होते आणि मी सिग्नलचा मिस्त्री. माणूस हेकट, पण नोकरीत एक डाग नाही. जेवताना स्टेशनातल्या यंत्राची घंटी वाजली की घास ताटात आणि हात यंत्रावर. “मी हाक मारली तं उठत नाई, अन् हिनं मारली तं पाहा,” असं वहिनी, म्हणजे मास्तरांच्या बाई, चिडवायच्या. ती घंटी म्हणजे दोन स्टेशनांचं आपसातलं बोलणं. पलीकडून दोन टोले आले की ‘गाडी पाठवू का?’ आपण दोन परत दिले आणि काटा ‘मोकळी’वर नेला की लाइन दिली. गाडी सुटली की तिकडून तीन, इकडे पोचली की आपण चार. मध्येच बेत बदलला तर पाच टोले देऊन रद्द करायचं, पण पलीकडून उत्तर आलं तरच ते रद्द. आणि ज्याने लाइन दिली त्याने गाडी येईपर्यंत जागा सोडायची नाही. सोडायचीच तर चार्जच्या वहीत दुसऱ्याची सही घेऊन.

स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी गोंदियाच्या भंगारात मला एक यंत्र सापडलं. सागवानी पेटी, वर पितळी घंटी, पुढे काटा. कारखान्याची पट्टी कुणीतरी उपटलेली, नुसती चार भोकं. आतले पेच उलट्या आट्यांचे. आमच्या कुठल्याच यंत्राला तसे नसत. जुनी यंत्रं ओळखण्यात मी स्वतःला मोठा शहाणा समजायचो. ते ओळखेना म्हणून रीतसर मागून घेतलं आणि निवृत्त मास्तरांकडे अर्जुनीला नेलं. म्हटलं, मास्तरांनी कुठे पाहिलं असेल तर सांगतील. ती चूक माझी.

भर दुपार होती. पेटी ओट्यावर स्टुलावर ठेवली होती. तार नाही, बॅटरी नाही. आम्ही शेजारीच जेवत होतो आणि घंटीचे दोन टोले पडले... स्वच्छ, सावकाश. मी पाहतोच आहे तोवर मास्तरांचा डावा हात गेला, दोन टोले परत दिले, काटा ‘मोकळी’वर नेला आणि उजव्या हाताने भाताचा घास तोंडात घातला. मग त्यांचं चावणं थांबलं.

“मिस्त्री, म्या लाइन देऊन टाकली.”

“कोणाला?”

“थेच तं मालूम नाई...”

मी हसण्यावारी नेलं. खोकं तापलं असेल, लाकूड तडकलं असेल, काहीबाही बोललो. मास्तर ऐकत नव्हते. त्यांनी पाच टोले दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. उत्तर नाही. त्या दिवसापासून मास्तर घराबाहेर पडले नाहीत. देवरीला मुलीचं बाळंतपण झालं, नातवाचं बारसं झालं, वहिनी एकट्या गेल्या. आठ वर्षं हा माणूस टोपी घालून ओट्यावर बसला, तीन टोल्यांची वाट पाहत.

यातून सुटका एकच होती. यंत्र कोणत्या दोन स्टेशनांमधलं आहे ते मी ओळखायचं आणि पलीकडच्यांकडून ती गाडी रद्द करवून घ्यायची. मी रंगाचे थर खरवडले, दूरदूरच्या कचेऱ्यांना पेचांची चित्रं काढून पाठवली. सगळीकडून एकच उत्तर, आमचं नाही. शेवटी मी खोटं बोललो. म्हटलं, मास्तर, पत्ता लागला, ती लाइन कधीच उखडली, स्टेशनही नाही. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “मंग तिकडून वाजवलं कोनं, मिस्त्री?” तेव्हापासून मला त्या पेटीकडे पाठ करून बसवेनासं झालं.

मी पोचलो तेव्हा मास्तरांना नेऊन दोन दिवस झाले होते. वहिनींनी पेटीआधी चार्जची वही पुढे केली. शेवटच्या पानावर मास्तरांचं सुबक अक्षर होतं, ‘चार्ज दिला. एक गाडी येणे बाकी.’ खाली त्यांची सही. त्याखाली ‘चार्ज घेतला’ आणि पुढे माझं नाव, सहीची जागा कोरी.

“सही करा, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “थ्या माणसानं आठ वर्स पाय मोकळे केले नाई. आता तरी जाऊ द्या त्यायले.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मास्तरांवर माझा फार जीव होता आणि ते यंत्र त्यांच्या ओट्यावर मीच आणून ठेवलं होतं. मी सही केली.

पेटी आता गोंदियात माझ्या ओट्यावर, त्याच स्टुलावर आहे. काट्याला मी हात लावलेला नाही, ‘मोकळी’वरच आहे. दशक्रियेला वहिनींनी बोलावलं होतं. निघालोसुद्धा होतो, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. मास्तरांसारखी वाट पाहत बसण्याची सवय मला अशी एकाएकी लागेल असं वाटलं नव्हतं. त्यांची फार आठवण येते.

आज दुपारी जेवायला बसलो होतो. पहिला घास घेतला आणि घंटी वाजली... एक, दोन, तीन.

गाडी सुटली आहे. मी हात धुतला, टोपी घातली आणि ओट्यावर येऊन बसलो आहे.