बुद्धिमत्तेने दाखवलेलं पाणी

मी उदगीरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणाऱ्या पाणाड्याची टिंगल करायचो. निवृत्तीनंतर दुष्काळात विहीर आटली, तेव्हा मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं, बोअर कुठे घेऊ?

"उदगीर जिल्ह्यातील आपल्या शेताच्या ईशान्य कोपऱ्यात भरपूर पाणी आहे."

उदगीर जिल्हा आम्ही वर्षानुवर्षं नुसता मागतोय; तिने तो परस्पर देऊन टाकला, तरी मला शंका आली नाही.

बोअर घेतली, तर नुसता फुफाटा उडाला. बघायला आलेला पाणाड्या म्हणाला, "गुरुजी, मला इचारायचं की! हितलं मला कळत न्हाई, असं सरळ सांगितलो असतो."

घरी येऊन मी बुद्धिमत्तेला खडसावलं. तिने नम्रपणे माफी मागितली आणि लगेच नैऋत्य कोपरा सुचवला.

मी चपला घालून निघालोसुद्धा.